गिअरबॉक्सला कुठलं तेल? मोठा आकडा म्हणजे चांगलं तेल नव्हे

आजचा विषय जरा चिकट आहे, म्हणजे अगदी शब्दशः चिकट. आज आपण गिअर ऑइलवर बोलणार आहोत. इंजिन ऑइलवर गाडीवेडी माणसं रात्ररात्र वाद घालतात. पण 'तुझ्या गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल आहे?' असं विचारलं, की समोरचा गप्प. मीही गप्पच होतो. त्या गप्प राहण्याची किंमत मला जवळजवळ अठराशे डॉलर पडणार होती. ती कशी वाचली आणि त्यातून मी काय शिकलो, तो हा भाग.

नेहमीचंच सांगतो: मी मेकॅनिक नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण एखादी गोष्ट का चालते हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही.

गोष्ट सुरू होते

गेल्या सप्टेंबरमध्ये मी १९९९ ची माझ्दा मिआटा घेतली. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे ही गाडी सेकंडहँड सहज मिळते. दोन सीट, उघडणारं छप्पर, पुढे १.८ लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि वजन हजार किलोच्या आसपास. कॉलेजात असताना पुण्याच्या होस्टेलवर जिचे व्हिडिओ बघत होतो, तीच गाडी. साडेपाच हजार डॉलरला घेतली. विकणाऱ्याने बिलांची फाईलच दिली. त्यात एक बिल ताजं होतं: गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, दोन्हीचं तेल बदललेलं. मी खूश. म्हटलं, एक खर्च वाचला.

ऑक्टोबरपर्यंत सगळं छान. नोव्हेंबर लागला, सकाळी पारा दोन-तीन डिग्रीवर यायला लागला, आणि गाडीने रंग दाखवला. घरून निघायचं, पहिला गिअर, मग दुसरा टाकायला जायचं आणि 'कर्रर्र'. दांडा हाताला ढकलून परत पाठवायचा. जोर केला तर दात खाल्ल्यासारखा आवाज. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली, की मग पडायचा गिअर.

जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, 'दुसऱ्या गिअरचा सिंक्रो गेलाय. गिअरबॉक्स खाली उतरवून खोलावा लागेल. अठराशे डॉलर.' साडेपाच हजारांच्या गाडीला अठराशे! त्या रात्री मी गाडी विकायची जाहिरात अर्धी लिहूनही ठेवली होती.

मग रविवारी साताऱ्याला फोन झाला. माझे बाबा एकतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

'थंड असतानाच वाजतो, का तापल्यावर पण?'

'सकाळीच वाजतो बाबा. वीस मिनिटांनी ठीक होतो.'

'मग खोलायची घाई कशाला करतोस? आत तेल कुठलं आहे ते बघ आधी. मोडलेली वस्तू तापल्यावर नीट होत नाही रे.'

मी उठलो आणि ती बिलांची फाईल काढली. त्या ताज्या बिलावर तेलाची एकच ओळ होती: ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. म्हणजे गिअरबॉक्सलाही तेच आणि डिफरन्शियललाही तेच, एकाच पिंपातून. ही ओळ मी सप्टेंबरमध्ये वाचली होती आणि मला त्यात काहीच वाटलं नव्हतं. आता ती एक ओळ समजून घ्यायची आहे.

तेलाला दोन उलटी कामं करायची असतात

आधी गिअरबॉक्समध्ये काय होतं ते बघू. आपल्याला वाटतं की दांडा हलवला की दोन गिअर एकमेकांत अडकतात. तसं नसतं. पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात आणि फिरत असतात. पण प्रत्येक जोडीतला एक गिअर आपल्या शाफ्टवर मोकळा फिरतो. आपण दांडा हलवतो तेव्हा एक स्लीव्ह सरकते आणि त्या मोकळ्या गिअरला शाफ्टशी जखडते. बस, एवढंच.

पण जखडायच्या आधी दोघांचा वेग सारखा हवा. चालत्या एस.टी.त चढताना आपण आधी बसबरोबर चार पावलं धावतो आणि मग पाय टाकतो, तसंच. इथे हे धावायचं काम सिंक्रो रिंग करते. ही बहुतेक वेळा पितळेची असते, आतून शंकूसारखी. स्लीव्ह तिला गिअरच्या शंकूवर दाबते, घर्षण होतं, वेग जुळतो आणि मगच दात आत जातात. वेग जुळेपर्यंत रिंग स्लीव्हची वाट अडवून धरते. तुमच्या हाताला जो अर्धा सेकंद अडसर जाणवतो तो हाच.

आता गंमत बघा. गिअरच्या दातांना काय हवं? निसरडेपणा. दात एकमेकांवर दाबून घासतात, तिथे धातूला धातू लागू नये. आणि रिंगला काय हवं? पकड! तिला घर्षण हवं, नाहीतर ती वेग जुळवणार कशी? सायकलच्या रिमला तेल लागलं की ब्रेक दाबून उपयोग नसतो, तसं होईल. आणि दोघंही एकाच तेलात बुडालेले. म्हणजे एकाच तेलाने एका ठिकाणी घसरवायचं आणि चार बोटं पलीकडे पकडू द्यायचं.

गिअर ऑइल निवडणं म्हणजे हा तोल निवडणं. 'सर्वांत भारी संरक्षण', 'सर्वांत निसरडं' असं बाटलीवर लिहिलेलं असेल तर ती गिअरबॉक्ससाठी स्तुती असेलच असं नाही.

दुसराच गिअर का रडतो?

हे मला गणित केल्यावर कळलं. माझ्या पाच गिअरच्या डब्यात पहिल्या गिअरचा रेशो आहे ३.१३६ आणि दुसऱ्याचा १.८८८. समजा पहिल्यात इंजिन ४,००० आरपीएमवर आहे आणि मी दुसरा टाकतो. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम हवेत ४,००० गुणिले १.८८८ भागिले ३.१३६, म्हणजे साधारण २,४००. याचा अर्थ, क्लच दाबल्यावर क्लच प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याच्याशी जोडलेलं सगळं फिरतं लोखंड ४,००० वरून २,४०० वर आणायचं काम त्या एका रिंगचं. सोळाशेचा फरक, तोही पापणी लवेपर्यंत.

आता तिसऱ्यातून चौथ्यात बघा. तिसरा १.३३०, चौथा १.०००. तिथे ४,००० वरून साधारण ३,००० वर यायचं. हजाराचा फरक. म्हणून तेल चुकलं किंवा रिंग झिजली, की सगळ्यांत आधी तक्रार दुसरा गिअर करतो. सगळ्यांत मोठी उडी त्याचीच.

हे एपीआय आपलं एपीआय नाही

आता बिलावरची 'जीएल-५'. ही वर्गवारी एपीआयची. माझ्यासारखे कोडवाले ऐकत असतील तर हसू नका, हे एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. जीएल म्हणजे गिअर लुब्रिकंट. गाड्यांच्या बाबतीत आज आपल्या कामाचे आकडे दोनच: ४ आणि ५.

आपली सवय अशी की आवृत्ती ५ ही आवृत्ती ४ पेक्षा नवी, म्हणजे चांगली, म्हणजे ४ चं सगळं काम ५ करणारच. बॅकवर्ड कम्पॅटिबल. इथेच फसगत होते. जीएल-५ ही जीएल-४ ची पुढची आवृत्ती नाही, ते वेगळ्या कामाचं तेल आहे.

जीएल-५ मुख्यतः हायपॉइड गिअरसाठी आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये क्राउन आणि पिनियन असतात. तिथे पिनियनचा आस क्राउनच्या मध्यापेक्षा खाली असतो. त्यामुळे दात नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली एकमेकांवर लांबच लांब घासत जातात. तिथे नुसती तेलाची फिल्म टिकत नाही. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात. दातांच्या टोकाशी तापमान वाढलं की ही रसायनं लोखंडाशी संयोग करून एक पातळ थर बनवतात. झिजायचं ते तो थर झिजतो, लोखंड वाचतं. गिअर ऑइलचा तो कुबट, सडल्यासारखा वास येतो ना, तो या गंधकाचा. एकदा कपड्याला लागला की आई कपडा घरात घेत नाही.

जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. डिफरन्शियलला ते वरदान. सिंक्रोला दोन कारणांनी अडचण. पहिलं, गंधक सक्रिय असेल तर तो तांब्या-पितळेला खातो, विशेषतः तेल तापल्यावर. दुसरं, या तेलांची घडणच घासणं कमी व्हावं अशी असते आणि रिंगला तर पकड हवी असते.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण गाडीवाल्यांच्या गप्पांत याची फार भीती घालतात. 'जीएल-५ टाकलं, पितळ संपलं' असं सरसकट नसतं. आजच्या बऱ्याच जीएल-५ तेलांत पितळेला सांभाळणारी रसायनं असतात. त्यासाठी चाचणीही आहे: घासूनपुसून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात काही तास ठेवतात आणि तिचा रंग किती काळवंडला ते ठरलेल्या तक्त्याशी ताडून १ ते ४ असा दर्जा देतात. तेलाच्या माहितीपत्रकात 'कॉपर स्ट्रिप' अशी ओळ असते ती हीच. १ आलं तर पितळ सुखरूप.

आणि माझ्या बाबतीत तर माझ्दाचंच मॅन्युअल सांगतं की या गिअरबॉक्सला जीएल-४ किंवा जीएल-५, दोन्ही चालतील. मी वाचून गार. म्हटलं, मग चूक कुठे आहे? ती पुढच्याच ओळीत होती.

चूक होती आकड्यात

मॅन्युअल म्हणतं: बारा महिने वापरायचं असेल तर ७५डब्ल्यू-९०. आणि ८०डब्ल्यू-९० चालेल, पण हवा १० डिग्री सेल्सियसच्या वर असेल तरच. माझी सकाळ होती दोन डिग्रीची. विकणाऱ्याने उन्हाळ्यात तेल बदललं, त्याला काहीच जाणवलं नसणार. त्यानेही फसवलं नाही आणि गाडीही खोटी नव्हती. हवा बदलली, एवढंच.

७५डब्ल्यू आणि ८०डब्ल्यू मध्ये पाचाचा फरक दिसतो, पण तो भ्रम आहे. 'डब्ल्यू'चा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. गिअर ऑइलच्या मानकात एक मर्यादा ठरलेली आहे: दीड लाख सेंटिपॉइज. म्हणजे जवळपास डांबर. ७५डब्ल्यू तेलाने उणे ४० डिग्रीपर्यंत ती मर्यादा ओलांडायची नाही. ८०डब्ल्यू ला सूट आहे उणे २६ पर्यंतच. चौदा डिग्रीचा फरक! शून्याच्या आसपास दोन्ही ओततील, पण ८०डब्ल्यू बरंच जाड असतं.

आणि जाड तेल सिंक्रोचं काय करतं? रिंगवर बारीक खाचा असतात. रिंग शंकूवर दाबली की मधलं तेल त्या खाचांतून बाहेर पळायला हवं, तरच धातूला धातूची पकड मिळेल. तेल मधासारखं असेल तर ते पळत नाही. रिंग तेलाच्या गादीवर तरंगते, वेग जुळत नाही आणि हात दांडा ढकलतच राहतो. मग कर्रर्र. वीस मिनिटांनी तेल तापतं, पातळ होतं, खाचांतून पळायला लागतं आणि गिअर गुपचूप पडतो. बाबांचा प्रश्न बरोबर याच जागेवर बोट ठेवणारा होता.

दुसरा आकडा, ९०, हा तापलेल्या तेलाचा. १०० डिग्रीला त्याची व्हिस्कॉसिटी साडेतेरा ते साडेअठरा सेंटिस्टोक हवी. आता ९० ऐकून वाटतं की हे इंजिनच्या ४० नंबरपेक्षा दुपटीने जाड. अजिबात नाही! इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. इंजिनचं ४० नंबर १०० डिग्रीला साडेबारा ते १६.३ सेंटिस्टोक असतं. म्हणजे दोघांची घरं एकमेकांना लागूनच. फूट आणि मीटरची तुलना केल्यासारखं आहे ते.

चार गाड्या, चार तेलं

'मग दादा, सरळ सांग ना, स्पोर्ट्स कारला कुठलं तेल बेस्ट?' हा प्रश्न मला माहीत आहे. चार उदाहरणं देतो, मग प्रश्न आपोआप विरघळेल.

पहिली, माझी मिआटा. गिअरबॉक्स वेगळा, डिफरन्शियल मागे वेगळं. गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९०, साधारण दोन लिटर. मागे जीएल-५, साधारण एक लिटर. दोन डबे, दोन तेलं.

दुसरी, शेव्हर्ले कॉर्व्हेटची १९९७ ते २००४ ची पिढी. तिच्या सहा गिअरच्या टी-५६ गिअरबॉक्सला लागतं डेक्सरॉन-३ जातीचं एटीएफ, म्हणजे चक्क ऑटोमॅटिक गाडीचं पातळ लाल तेल. एवढी ताकद आणि तेल असं पाण्यासारखं! कारण त्या डब्याचे सिंक्रो आणि बेअरिंग त्या तेलासाठीच आखलेले आहेत. 'जास्त ताकद म्हणून जास्त जाड तेल' या समजाला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

तिसरी, होंडा एस२०००. होंडाचं स्वतःचं एमटीएफ येतं, तेही पातळच. जुन्या होंडांच्या मॅन्युअलमध्ये तर ते मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालेल असं लिहिलेलं असायचं.

चौथी, सुबारू डब्ल्यूआरएक्स, पाच गिअरची. हिला गिअरबॉक्सलाच जीएल-५ लागतं! का? कारण पुढचं हायपॉइड डिफरन्शियल त्याच डब्यात आहे, दोघं एकच तेल पितात. तिथे कुणी शहाणपणा करून 'पितळेसाठी जीएल-४ बरं' म्हणून टाकलं, तर रिंग वाचेल पण क्राउन-पिनियन उपाशी राहील.

बघा, चारही स्पोर्ट्स कार, चारही मॅन्युअल. जे एकीचं औषध ते दुसरीचं विष. म्हणून 'बेस्ट तेल' असं नसतंच. तुमच्या डब्यात सिंक्रो कशाचे आहेत आणि त्याच तेलात हायपॉइड गिअर आहेत की नाहीत, हे दोन प्रश्न असतात. उत्तर डबा बनवणाऱ्याने मॅन्युअलमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी एक ओळ. आपल्याकडच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, पण इंजिन आडवं असलं की ते हायपॉइड नसतं. म्हणून तिथे सहसा जीएल-४ पुरतं, आणि हल्ली ते बरंच पातळ सांगितलेलं असतं. गॅरेजात सवयीने 'नव्वद नंबर टाकतो साहेब' म्हणाले, तर आधी मॅन्युअलचं पान दाखवा. नव्वद नंबर ट्रकला, ट्रॅक्टरला ठीक असेल. तुमच्या गाडीने ते मागितलंय का, हा प्रश्न आहे.

मग मी काय केलं

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत गाडी गॅरेजमध्ये घेतली. जीएल-४, ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक आणलं. इथे बाटल्या क्वार्टमध्ये येतात, एक बाटली ९४६ मिलिलिटरची. दोन बाटल्या म्हणजे १.८९ लिटर, थोडं कमी पडतं. म्हणून तीन आणल्या. तिन्ही मिळून गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या जवळपासही नाहीत.

क्रम सांगतो, कारण त्यात एक सापळा आहे. आधी पंधरा मिनिटं गाडी फिरवली, म्हणजे तेल पातळ होऊन पूर्ण उतरतं. मग गाडी चारही बाजूंनी सपाट उचलून स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, हे आमच्या बाबांचं वाक्य आणि त्याला अपवाद नाही. आणि आता सापळा: आधी भरायचा बोल्ट उघडायचा, मग खालचा. उलटं केलंत, खालून सगळं तेल सोडलंत आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच बसली. ना तेल आत जाणार, ना गाडी बाहेर येणार.

जुनं तेल खाली आलं ते काळपट, वासाचं, पण त्यात मोठे कण नव्हते. बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा लगदा असतो, तो नेहमीच्या झिजेचा, त्याने घाबरायचं नाही. भीती असते ती पिवळ्या चकाकणाऱ्या कणांची किंवा दाताच्या तुकड्याची. तेलाला ट्रेमध्ये उन्हात धरून बघितलं. पितळेची थोडी झाक होती, पण चुरा नव्हता. मग बाजूच्या भोकातून पंपाने नवं तेल भरलं, भोकातून परत बाहेर यायला लागेपर्यंत. तिथे आलं की पातळी बरोबर. जुनं तेल बाटल्यांत भरून ऑटो पार्टच्या दुकानात दिलं. गटारात नाही, प्लीज.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक डिग्री होती. पहिला गिअर, मग दुसरा. दांडा जड होता, पण आवाज नाही. पाच मिनिटांनी जडपणाही गेला. या गाडीचा दुसरा गिअर थंडीत थोडा कुरकुरतोच, तो तिचा स्वभाव आहे. पण कुरकुर आणि कर्रर्र यांत फरक आहे.

आता इंजिनिअर म्हणून एक कबुली. मी दोन व्हेरिएबल एकदम बदलले: जीएल-५ चं जीएल-४ केलं आणि ८०डब्ल्यू चं ७५डब्ल्यू केलं. त्यामुळे श्रेय नेमकं कुणाला, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. त्रास फक्त थंडीत होता, म्हणून माझा संशय जाडपणावर जास्त आहे.

आणि दुसरी कबुली. तेल म्हणजे चमत्कार नव्हे. सहा हजार आरपीएमच्या आसपास झटक्यात दुसरा टाकला, तर गाडी तापलेली असतानाही तो आजही किंचित चावतो. म्हणजे रिंग थोडी झिजलेली आहेच. गॅरेजवाला पूर्ण खोटं बोलत नव्हता. पण 'आज खोला' आणि 'कधीतरी खोलावा लागेल' यांत अठराशे डॉलरचं अंतर आहे.

खिशात ठेवायची यादी

गिअर नीट पडत नसेल तर पैसे काढण्याआधी हे करा.

एक, बाबांचा प्रश्न विचारा. फक्त थंडीत त्रास असेल तर तेलाचा जाडपणा बघा. तापल्यावरही, तेही घाईत गिअर टाकताना असेल, तर रिंग किंवा तेलाची जात. आणि गाडी उभी असताना पहिला आणि रिव्हर्स दोन्ही रडत असतील, तर बिचाऱ्या तेलाला दोष देऊ नका. क्लच पूर्ण सुटत नसेल. आधी क्लचचं फ्लुइड आणि सिलिंडर बघा.

दोन, मॅन्युअलमधल्या तीन गोष्टी लिहून घ्या: जात, आकडा, किती लिटर. आकड्यापुढे हवेची अट असेल तर तीही. मी तीच वाचली नव्हती.

तीन, बाटली उलटून मागचं वाचा. 'जीएल-४' आणि 'जीएल-४/जीएल-५' हे एकसारखं नाही. दोन्ही आकडे एकत्र असतील तर तांब्याच्या पट्टीच्या चाचणीची ओळ शोधा.

चार, 'एलएस' किंवा 'लिमिटेड स्लिप' लिहिलेलं तेल सिंक्रोच्या डब्यात नको, गाडीने स्वतः मागितल्याशिवाय. त्यात घर्षण कमी करणारं रसायन जास्त असतं. ते मागच्या डिफरन्शियलच्या क्लच प्लेटसाठी आहे. आपल्या रिंगला मात्र त्याने घसरायला होतं. याच कारणाने 'हे चार थेंब टाका, गिअर लोण्यासारखा' अशा बाटल्याही नकोत.

पाच, तेल कोणी बदललं तरी बिलावर जात आणि आकडा लिहून घ्या. माझ्या बिलावर ती एक ओळ नसती तर मी आज ही गोष्ट सांगत नसतो, गिअरबॉक्स खोलून बसलो असतो.

डिसेंबर ते मार्च गाडी झाकून ठेवली होती, कारण इथे रस्त्यावर मीठ टाकतात. एप्रिलमध्ये काढली, व्हिडिओ कॉलवर बाबांना दुसऱ्या गिअरचा आवाज ऐकवला. म्हणजे आवाज नाहीये हे ऐकवलं. ते म्हणाले, 'चांगलं आहे.' मी म्हटलं, जोरात टाकला की अजून थोडा चावतो. तर म्हणाले, 'आमच्या जुन्या गाड्यांना सिंक्रोच नव्हते. ड्रायव्हर डबल क्लच मारून घाट चढवायचे. तुला अर्धा सेकंद थांबायला काय होतंय? सावकाश टाक.'

तर मंडळी, मी सावकाश टाकतो. तुम्ही आज एवढंच करा: ग्लोव्ह बॉक्समधून मॅन्युअल काढा, शेवटची पानं उघडा आणि तुमच्या गिअरबॉक्सचं तेल कुठलं ते वाचा. मग शेवटचं बिल काढून ताडून बघा. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं, तर निदान कर्रर्र ऐकू आल्यावर कुठे बघायचं ते तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका!